पारदर्शक दंतसाचे आणि खाण्यापिण्याच्या वेळा

वाकडे वाढलेले, एकमेकांवर चढलेले किंवा मध्ये फट राहिलेले दात एका ओळीत आणण्यासाठी दंतवैद्य दीर्घकाळ तारेचा उपयोग करीत आले आहेत, आणि आजही पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत तारच अधिक उपयुक्त ठरते. तथापि गेल्या पाव शतकात तिच्या जोडीला दुसरे एक साधन प्रचारात आले आहे. दातांच्या आकाराबरहुकूम घडविलेले, पातळ व पारदर्शक प्लास्टिकचे साचे वरच्या आणि खालच्या दंतपंक्तीवर टोपीप्रमाणे बसवितात. व्यवहारात त्यांना ‘अलायनर’ असे म्हणतात. या साधनामागील कल्पना तशी जुनी आहे. हॅरोल्ड केसलिंग या अमेरिकन दंतवैद्याने १९४५ मध्येच लवचिक रबरी साच्याने दात थोडे थोडे सरकविता येतात असे दाखविले होते. परंतु प्रत्येक टप्प्यासाठी नवा साचा हाताने घडविणे फार कष्टाचे होते. दातांचे त्रिमिती चित्र संगणकावर घेऊन सर्व टप्पे आधीच आखण्याची सोय झाली, तेव्हा ही अडचण दूर झाली. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात यासाठी एक कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षी अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने या साधनाला मान्यता दिली. त्यानंतर त्याचा प्रसार जगभर झाला. भारतातील मोठ्या शहरांतही तो झाला.

तारेहून हा साचा एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न आहे. तार दातांना डकविलेली असते, तर साचा रोगी स्वतः काढू व घालू शकतो. जेवताना तो काढावयाचा आणि जेवण झाल्यावर पुन्हा बसवावयाचा, असा नियम आहे. ऐकावयास हा नियम सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो पाळणे कितपत सोपे जाते, हे ज्याच्या त्याच्या खाण्यापिण्याच्या रीतीवर अवलंबून असते. या दृष्टीने चेन्नई शहराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे, कारण तेथील दिवस मोठ्या जेवणांनी जितका विभागलेला असतो त्याहून अधिक कॉफीच्या लहान लहान पेल्यांनी विभागलेला असतो.

साचा दिवसाकाठी २० ते २२ तास तोंडात राहावा, असे दंतवैद्य सांगतात. एवढा आग्रह कशासाठी, हे समजण्यास दात कसा सरकतो ते पाहिले पाहिजे. दात हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा जबड्यात घट्ट रुतलेला नसतो. त्याचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्या दरम्यान तंतूंचा एक अगदी पातळ पडदा असतो. त्याची जाडी साधारणतः एक पंचमांश मिलिमीटर भरते. दातावर एका बाजूने सौम्य पण सतत दाब पडत राहिला, तर दाबाच्या बाजूला हाड झिजविणाऱ्या पेशी कामास लागतात आणि ताणाच्या बाजूला हाड घडविणाऱ्या पेशी नवे हाड रचतात. अशा रीतीने दाताची खोबणच हळूहळू जागा बदलते. एक साचा दातास सुमारे पाव मिलिमीटर एवढाच सरकविण्याच्या बेताने घडविलेला असतो, व एक ते दोन आठवड्यांनी त्याच्या जागी पुढचा साचा येतो. दाब वारंवार आणि दीर्घकाळ खंडित झाला, की पेशींचे हे काम मंदावते आणि दात मागे येऊ लागतो. मग पुढचा साचा नीट बसत नाही, बसविलाच तर दुखतो, आणि अखेरीस साच्यांची पुढील मालिका नव्याने करावी लागते. यात काळ जातो आणि पैसाही जातो.

याचा अर्थ असा, की खाणे, पिणे, चूळ भरणे, दात घासणे या सर्वांसाठी मिळून दिवसात दोन तास, फार तर चार तास उरतात. चेन्नईतील एखाद्या कचेरीत काम करणाऱ्या मध्यमवर्गीय मनुष्याचा दिवस कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. पहाटे सहाला फिल्टरची कॉफी. साडेआठला इडली किंवा पोंगल. अकराला कचेरीत पुन्हा कॉफी. एक वाजता भाताचे जेवण. त्यात सांबाराचा भात, रसमचा भात व ताकभात असा ठरलेला क्रम असतो. चार-साडेचारला ‘टिफिन’. (चेन्नईत या शब्दाचा अर्थ डबा असा नसून फराळ असा आहे, वडा, भजी, सुंडल आणि अर्थातच कॉफी.) रात्री साडेआठला दोसा किंवा चपाती. तंजावरकडून येऊन या शहरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतही दिवसाचा क्रम फारसा निराळा नसतो. आता साचा काढल्यापासून पुन्हा बसवीपर्यंतची मिनिटे मोजू. पहाटेची कॉफी १५, न्याहारी ३०, अकराची कॉफी १५, दुपारचे जेवण ४०, टिफिन २५ व रात्रीचे जेवण ४०. बेरीज १६५ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तास होते. सव्वाएकवीस तास साचा तोंडात राहिला, तर तक्रारीस जागा नाही. पण हा हिशेब एका गृहीतावर उभा आहे. प्रत्येक वेळी साचा तत्काळ परत बसविला जातो, असे त्यात धरलेले आहे. सहा वेळा काढलेला साचा सहाही वेळा अर्ध्या अर्ध्या तासाच्या विलंबाने बसला, तर आणखी तीन तास गेले, आणि उरले सव्वाअठरा. गप्पा, दूरध्वनी, साहेबांचे बोलावणे अशा कारणांनी हा विलंब नेहमीच होत असतो.

या अडचणीतून एक पळवाट सुचते आणि पुष्कळांना ती निरुपद्रवी वाटते. जेवताना साचा काढावा, पण कॉफी तर द्रव पदार्थ आहे. ती साचा न काढता घेतली तर काय बिघडले? वेळ वाचतो, चारचौघांत तोंडातून साचा काढण्याचा संकोचही टळतो. सर्वांत जास्त हानी याच पळवाटेने होते.

ही हानी कशी होते हे लाळेच्या कार्यावरून कळते. दाताचे वरचे कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे ते बनलेले असते. परंतु त्याचा एक शत्रू आहे; तो म्हणजे आम्ल. दातांवर जंतूंचा एक चिकट थर सदैव असतो. त्यातील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू साखरेवर जगतात आणि तिच्यापासून लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. आम्लतेचे माप पीएच मूल्याने सांगतात. ते जितके कमी तितकी आम्लता अधिक. दातांच्या पृष्ठभागावरील हे मूल्य सुमारे ५.५ च्या खाली उतरले, की दंतवल्कातील क्षार विरघळू लागतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० पासूनच्या काही वर्षांत दातांवरील थराची आम्लता प्रत्यक्ष मोजून दाखविली. साखरेच्या पाण्याने चूळ भरताच अवघ्या काही मिनिटांत पीएच मूल्य झपाट्याने खाली येते आणि पूर्वस्थितीला येण्यास अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत अवधी लागतो, असे त्यास आढळले. या चढउताराची आलेखरेषा आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

पीएच मूल्य पुन्हा वर येते ते मुख्यत्वे लाळेमुळे. मनुष्याच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती साखर धुऊन नेते, तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते, आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळलेल्या जागी पुन्हा भर घालतात. अर्थात दिवसभर दातांवर झीज आणि भरपाई यांचे चक्र चालू असते, व भरपाईला पुरेसा अवसर मिळाला तर दात सुखरूप राहतो.

तोंडात साचा असताना गोड कॉफीचा घोट घेतला म्हणजे काय होते ते यावरून सहज ध्यानात येईल. साचा दातावर घट्ट बसत असला तरी हवाबंद बसत नाही. कॉफी त्याच्या कडेने आत शिरते आणि दात व प्लास्टिक यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत साचून राहते. बाहेर लाळ वाहत असते, पण साच्याखाली तिचा ओघ पोहोचत नाही. जीभ आणि गाल यांच्या हालचालीने दात जे आपोआप पुसले जातात, तेही थांबते. सारांश, साखर आत कोंडली जाते व तिला निष्प्रभ करणारे द्रव्य बाहेर राहते. अर्ध्या-पाऊण तासात ओसरणारी आम्लता मग कितीतरी अधिक वेळ टिकते. हिरडीच्या कडेला दातावर खडूसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. ती किडीची पहिली खूण होय. या अवस्थेत काळजी घेतली तर कीड थांबविता येते, परंतु ठिपका पूर्णपणे नाहीसा होईलच असे नाही. खड्डा पडला तर तो भरून घेण्यावाचून उपाय राहत नाही. सुंदर दिसावे म्हणून दीड-दोन वर्षे सोसून सरळ केलेले दात सरळ होतात खरे, पण डागाळलेले व किडके निघतात. ज्या हेतूने उपचार आरंभिला त्याचाच असा पराभव होतो.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा व कोणत्या रूपात खाल्ली हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील रुग्णालयातून मिळाला. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तेथील मतिमंद रुग्णांवर हा प्रयोग केला गेला व त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दातांची कीड फारशी वाढली नाही. तीच साखर चिकट टॉफीच्या रूपाने दोन जेवणांच्या मध्ये वारंवार दिली, तेव्हा कीड झपाट्याने वाढली. ज्यांना संमती देणेही शक्य नव्हते अशा असहाय माणसांचे दात जाणूनबुजून किडविणारा हा प्रयोग निंद्यच होता आणि आज तो कोणी करू धजणार नाही. त्यातून मिळालेले ज्ञान मात्र दंतशास्त्राच्या पायाशी आहे.

आता चेन्नईच्या त्या दिवसाचा हिशेब दुसऱ्या दृष्टीने मांडता येईल. पहाटेची कॉफी न्याहारीला जोडली व अकराची दुपारच्या जेवणाकडे ढकलली, तर सहाच्या जागी चार वेळा होतात. मिनिटांत मोजले तर बचत किरकोळ आहे. पण प्रत्येक वेळेमागे आम्लतेची सुमारे ४० मिनिटे धरली, तर सहा वेळांचे चार तास होतात आणि चार वेळांचे दोन तास चाळीस मिनिटे. शिवाय साचा परत बसविण्याचे विसरण्याचे प्रसंगही तितकेच कमी होतात. तेव्हा कॉफी सोडण्याची गरज नाही. तिची वेळ जेवणाला चिकटविण्याची आहे. पहाटे उठल्याबरोबर कॉफी पिण्याची सवय हाडीमाशी खिळलेल्या मनुष्यास हे कठीण जाईल हे मान्य केले पाहिजे. अशाने ती पहाटेचीच कॉफी ठेवावी व अकराची सोडावी.

साखर न घालता घेतलेल्या काळ्या कॉफीस किडीचा आक्षेप लागू पडत नाही. पण तिला दोन अन्य आक्षेप आहेत. एक रंगाचा. ज्या प्लास्टिकचे साचे बनतात त्यांपैकी पॉलियुरेथेन जातीच्या प्लास्टिकवर कॉफीचा डाग लवकर चढतो, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आले आहे. पारदर्शक म्हणून निवडलेला साचा पिवळट पडला तर त्याचा मुख्य गुणच गेला. दुसरा आक्षेप उष्णतेचा. हे प्लास्टिक तापवून मऊ करून दातांच्या प्रतिकृतीवर दाबून घडविलेले असते, त्यामुळे तप्त द्रवाच्या संपर्काने त्याचा आकार बिघडण्याची भीती राहते. पाव मिलिमीटरचा हिशेब करून घडविलेल्या वस्तूत थोडासाही फरक चालत नाही. दवरा-टंबलरमध्ये वरखाली ओतून कॉफी निवविण्याची व फेसाळविण्याची जी रीत तेथे आहे, तिने कॉफी पिण्याजोगी होते. साच्यास चालण्याजोगी होतेच असे नाही. टंबलर ओठांस न लावता वरून तोंडात ओतण्याची जुनी तमिळ चालही येथे कामास येत नाही, कारण तिने पेला उष्टा होत नाही, एवढेच. शीतपेय नळीने ओढून पिणाऱ्यांचा समजही याच जातीचा आहे. नळीने पुढचे दात थोडे बचावतात, दाढा भिजावयाच्या त्या भिजतातच.

साचा तोंडात असताना निर्धोकपणे घेता येते ते एकच पेय, साधे गार किंवा कोमट पाणी. मे महिन्यात, ज्या काळास तेथे ‘कत्तिरी वेय्यिल’ म्हणतात, तेव्हा चेन्नईचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि तहान सारखी लागते. शहाळ्याचे पाणी आरोग्यदायी खरे, पण त्यात नैसर्गिक साखर असते. उसाचा रस, मैलापूरचे रोझमिल्क, लिंबू-सोडा यांविषयी तर बोलावयासच नको. लिंबू-सोड्यात साखरेखेरीज त्याचे स्वतःचे आम्लही असते. ही पेये वर्ज्य नाहीत. साचा काढून, एका बैठकीत पिऊन टाकावी व लगेच पाण्याने खळखळून चूळ भरावी. बाटली जवळ ठेवून तासभर घोट घोट घेणे मात्र अत्यंत वाईट. पाणी पुरेसे प्यावे, हे येथे दुहेरी अर्थाने खरे आहे, कारण शरीरातील पाणी कमी झाले की लाळही कमी होते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत साचा ठेवू नये, हेही याच ओघात सांगणे इष्ट.

जेवणानंतर प्रत्येक वेळी दात घासून मग साचा बसविणे सर्वोत्तम. कचेरीत वा प्रवासात ते जमत नसेल तर चूळ भरण्याची आपली पूर्वापार चाल बरेच काम करते. चेन्नईच्या लहानमोठ्या उपाहारगृहांत हात धुण्याची जागा असते व जेवून उठलेला मनुष्य तेथे गेल्यावाचून राहत नाही. साचा धुऊन परत बसविण्यास हीच जागा योग्य. आंबट पदार्थ खाल्ल्यावर लगेच जोराने ब्रश फिरवू नये, कारण आम्लाने दंतवल्क क्षणभर मऊ झालेले असते. साचा मऊ ब्रशने व गार पाण्याने धुवावा. दंतमंजनाने घासल्यास त्यावर बारीक ओरखडे पडतात व त्यात घाण साठते. काही दातांवर साच्याची पकड बसावी म्हणून दातांच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटविलेले असतात. सांबारातील हळदीने त्यांच्या कडा पिवळ्या पडतात, म्हणून तेवढ्या जागी ब्रश अधिक काळजीने फिरविणे आवश्यक असते.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, चेन्नईत संगीताचा हंगाम असतो. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीसारख्या सभांतून सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात, आणि सभांच्या आवारातील खानपानगृहेही रसिकांत गायनाइतकीच प्रसिद्ध आहेत. दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक कॉफी, तिच्याबरोबर एखादा गोड पदार्थ, असा क्रम दिवसभर चालतो. साचा वापरणाऱ्याने या महिन्यात एकाच मध्यंतरात पोटभर खाऊन घ्यावे, हे उत्तम. देवळात हातावर मिळणारा गोड प्रसाद पुढील जेवणापर्यंत जपून ठेवता येतो. त्याने प्रसादाचा अवमान होत नाही. लग्नाच्या पंगतीत धोका निराळ्या प्रकारचा असतो. साचा कागदी रुमालात गुंडाळून केळीच्या पानाशेजारी ठेवला जातो, जेवण झाल्यावर पान दुमडले जाते, आणि वाढपी पानासह सर्व काही उचलून नेतो. साच्यासाठी मिळालेली डबी खिशात असावी ती याकरिता.

नवा साचा घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस दात दुखतात व चावणे नकोसे होते. या बाबतीत चेन्नईचा रहिवासी भाग्यवान म्हटला पाहिजे. इडली, इडिअप्पम, पोंगल, दहीभात हे तेथील नित्याचे पदार्थ रोग्यासाठी मुद्दाम केल्यासारखे मऊ असतात. तार बसविलेल्यांस कडक मुरुक्कू किंवा ऊस खाण्याची बंदी असते, कारण त्याने तारेची चकती निखळते. साचा काढता येत असल्याने ही बंदी येथे नाही. पोंगलच्या सणाला ऊस दातांनी सोलून खाता येतो. दात दुखत नसावेत व नंतर चूळ भरावी, इतकेच. विडा खावयाचा असेल तर तोही साचा परत बसविण्यापूर्वी खाऊन तोंड धुवावे.

एका वर्गाने मात्र हा सर्व हिशेब दंतवैद्याशी व आपल्या वैद्याशी बोलूनच करावा. ज्या मधुमेही रोग्यांस थोड्या थोड्या वेळाने खावे लागते, त्यांनी साच्याच्या तासांसाठी खाणे पुढे ढकलू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरल्याची लक्षणे दिसली, तर साचा तोंडात आहे की नाही याचा विचार न करता साखर तत्काळ घ्यावी. ज्यांच्या औषधांनी तोंड कोरडे पडते त्यांचे दात लाळेच्या अभावी आधीच संकटात असतात. त्यांनीही उपचारापूर्वी ही गोष्ट सांगावी.

मालिकेतील शेवटचा साचा उतरला म्हणजे सर्व संपले असे नाही. नव्या जागी आलेल्या दातांभोवतीचे हाड व तंतू स्थिर होण्यास अवधी लागतो, म्हणून दात मागे फिरू नयेत यासाठी निराळा धारक साचा देतात. तो प्रारंभी बहुतेक वेळ व पुढे पुष्कळदा फक्त रात्री घालावयाचा असतो. रात्रीची ही अवस्था आली, की अकराच्या कॉफीसाठी साचा काढण्याची गरज उरत नाही. झोपण्यापूर्वी दात घासावेत, साचा बसवावा, आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याखेरीज काही घेऊ नये.